चिनी लिपीतलं ‘लाओ’: गोठा की तुरुंग?

तापीकाठ (भुसावळ): ‘लाओ’ या अक्षरात वर छप्पर, खाली ‘न्यू’ म्हणजे गाय-बैल. आजचा अर्थ मात्र तुरुंग. बळी या अर्थाच्या ‘शी-शंग’ शब्दातही दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला तोच बैल दिसतो. यांचा एकमेकांशी काही संबंध?

अमळनेरकर: आहे ना. तुरुंग हा नंतरचा अर्थ. चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या शांग राजवटीच्या (इ.स.पू. दुसरं सहस्रक) काळातल्या, कौलासाठी वापरलेल्या हाडांवर कोरलेल्या अक्षरात वरचा भाग छप्पर नाहीच, एका बाजूला तोंड असलेला वाडा आहे. आत कधी बैल, कधी मेंढी. देवासाठी राखलेलं जनावर असं वेगळं बांधून पोसत. पुढच्या काळात तर सर्वोच्च देवाचा बैल तीन महिने वेगळ्या गोठ्यात ठेवायचा, असा नियमच होता. अंगावर खोड आली की तो बाद. लू या प्राचीन चिनी राज्याच्या बखरीत इ.स.पू. 584 ची नोंद आहे: उंदरानं बैलाचं शिंग कुरतडलं, कौल लावून दुसरा बैल निवडला, त्याचंही शिंग कुरतडलं, शेवटी बैल सोडून दिला.

पुढे ‘लाओ’ हे नैवेद्याचं मापच झालं. ‘थाय-लाओ’ म्हणजे बैल, मेंढी, डुक्कर तिन्ही. ‘शाओ-लाओ’त बैल नाही.

शब्दखोर, धुळे: ‘शी-शंग’मध्ये बैल फक्त अर्थाची दिशा दाखवतो, उजवा भाग उच्चार सांगतो. ‘शंग’चा उजवा भाग स्वतंत्रपणेही ‘शंग’च, अर्थ जन्मणं, जगणं. ‘शी’ म्हणजे मूळात देवळात वाहायचं निर्दोष जनावर. त्याच्या सोप्या रूपात उजवीकडे ‘पश्चिम’चं अक्षर आलं, कारण त्याचाही उच्चार ‘शी’. त्यावरून पश्चिमेकडे तोंड केलेला बैल वगैरे काढू नका. नवशिके इथंच फसतात. आधी उच्चार जुळतो का बघा, मग जुनं रूप. चित्राची गोष्ट सगळ्यात शेवटी.

‘थ’ (विशेष) हे अक्षरही बैलाचंच. मूळ अर्थ वळू.

तापीकाठ: मग ‘च्या’ (घर), छपराखाली डुक्कर? तेही बळीचं?

अमळनेरकर: त्यावर एकमत नाही. इ.स. 100 च्या सुमाराचा श्यू शन हा कोशकार डुकराला उच्चाराची खूण मानतो. पण हाडांवरची अक्षरं त्यानं पाहिलीच नव्हती, ती 1899 मध्ये ओळखली गेली. म्हणून त्याचं म्हणणं जुन्या रूपाशी ताडूनच घ्यावं. बळीचं खात्रीचं अक्षर हवं तर ‘ची’ घ्या: वर डावीकडे मांस, उजवीकडे हात, खाली वेदी.

शब्दखोर, धुळे: लिहिताना एक सांभाळा. सुटा ‘न्यू’ चार रेघांचा, उभी रेघ शेवटी. डाव्या अंगाला आला की उभी तिसरी आणि खालची आडवी शेवटी, तीही उजवीकडे वर चढती. ती सपाट ओढली तर उजव्या भागात घुसते.