माणसं सांभाळायला तुम्ही कुणाकडून शिकलात?

सांजवारा
काल कपाट आवरताना नोव्हेंबर २०१६ ची डायरी सापडली. तेव्हा मी प्रोबेशनवर होते, तालुक्याच्या शाखेत. नोटबंदीनंतर १० तारखेला बँका उघडल्या, रांग थेट एसटी स्टँडपर्यंत. चार हजारांपर्यंतच्या नोटा बदलून देणं, भरणा, फॉर्म, सगळं एकाच काउंटरवर. रात्री नऊला कॅश साडेतेरा हजारांनी शॉर्ट. ज्याच्या काउंटरला शॉर्ट त्याच्या खिशातून, हे माहीत होतं. रडूच फुटलं. मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, "आधी चहा घे, मग व्हाउचरं दोघं मिळून पाहू." अकराला सापडलं. पंधराशेच्या भरण्याला मी पंधरा हजार टाकले होते. चूक माझीच, पण स्टाफसमोर अवाक्षर नाही. सकाळी केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हणाले, "चारनंतर डोळे थकतात, आकडा मोठ्याने वाचत जा."

आता शाखा मी सांभाळते. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलीवर ग्राहकांसमोर ओरडले. डायरी वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. तुमचे अनुभव लिहा ना.

निशिगंध
मेडिसिन वॉर्ड. पेशंट गेला की आमच्या इनचार्ज सिस्टर ड्युटीवरच्या मुलीला म्हणायच्या, "जा, लिनन मोजून ये." लिनन सकाळीच मोजलेलं असायचं. ती दहा मिनिटं रडायला दिलेली असत, हे मला वर्षभराने कळलं. आता इनचार्ज मी आहे, मीही मोजायला पाठवते. बाकी रात्री लिहिते, पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायचीये.

घाटवाट
चाकण, मशीन शॉप. 'टीम हँडलिंग'च्या रकान्यात तीन वर्षं 'सरासरी', म्हणून प्रमोशन अडलेलं. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, कागदी कपांचे मनोरे रचले, फरक शून्य. मग एका ऑपरेटरचं रिजेक्शन वाढलं, तेही फक्त पहिल्या तासात. मी मेमो लिहायला बसलो होतो. जुने फोरमनकाका म्हणाले, "आधी विचार तरी, येतो कसा." कंपनीच्या बसचा रूट बदललेला, पोरगा १४ किलोमीटर सायकल मारून येत होता, हात थरथरायचे. दुसऱ्याच्या बाइकवर सोय लावून दिली. मेमो फाडला. पुढच्या वर्षी सुपरवायझर झालो.

आजोळकर
नोटबंदी म्हटलं की आमच्या ताईचं लग्नच आठवतं!! लग्नघराला अडीच लाख काढता येतील असं जाहीर झालं, पण शाखेत तेवढी कॅश होती कुठे? केटरर उधारीवर जेवण घालायला तयार झाला, त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. जिलेबी मात्र मस्त होती.

घाटवाट
@आजोळकर केटरर कुठला? पुतणीचं आहे मे महिन्यात.

ध्रुवतारा
सतीश धवन, तेव्हाचे इस्रोचे प्रमुख. ऑगस्ट १९७९ मध्ये एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात कोसळलं तेव्हा पत्रकारांसमोर ते स्वतः गेले, प्रकल्पप्रमुख कलामांना पुढे केलं नाही. १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा म्हणाले, आता तू जा.

मृगजळ
@ध्रुवतारा असा साहेब नशिबाने मिळतो. माझ्या प्रेझेंटेशनवर दुसऱ्याचं नाव लागलं, दोनदा. त्यातून शिकले ते एवढंच की माझ्या हाताखालच्यांची नावं मी मेलच्या पहिल्या ओळीत घालते. राग अजून गेलेला नाही, खरं सांगते.

निशिगंध
@मृगजळ जाऊ पण नको देऊ गं. @सांजवारा, त्या मुलीशी बोललीस का?

सांजवारा
आज बोलले. ओरडले होते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. ती काही बोलली नाही. चार वाजता मात्र तिच्या काउंटरवरून मोठ्याने आकडे वाचल्याचा आवाज आला. मी तिला ते कधी सांगितलंच नव्हतं, बहुतेक हेडकॅशियरकाकांनी सांगितलं असेल. ते तेव्हाही त्याच शाखेत होते.