मदत हवी आहे : लेकीच्या बाबांकडचे पूर्वज कसे शोधू?

नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटाला असतो. मी कोल्हापूरची, नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. नऊ वर्षांच्या लेकीला शाळेत वंशवृक्ष करायचा आहे. माझ्या बाजूच्या सात पिढ्या बाबांनी फोनवर घडाघडा सांगितल्या. तिच्या बाबांची बाजू मात्र १८७० च्या जनगणनेपाशी अडली. त्याआधीच्या शिरगणतीत गुलामांची नावं सहसा लिहीतच नसत. १८६० ची गुलामांची यादी आम्ही दोघींनी उघडली. मालकाचं नाव ठळक, समोर नुसतं वय, लिंग, रंग. एका ओळीवर बोट ठेवून लेक म्हणाली, "आई, ही माझ्याएवढीच आहे गं." मला पुढे बोलताच येईना.

सासूबाईंच्या जुन्या बायबलच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक पहिलं नाव आहे आणि पुढे 'सुईण'. एवढंच. पण लेकीला कळायला हवं की ती त्या सुईणीची आहे, निव्वळ 'गुलामांची' नाही.

फ्रीडमन्स ब्युरोची (मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीचं सरकारी खातं) कागदपत्रं किंवा त्यांच्यासाठीच काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या (१८६५ ते १८७४) खातेनोंदी कुणी चाळल्या आहेत का? बँकेच्या नोंदींत आईवडील, भावंडांची नावं सापडतात म्हणे. हाती फक्त पहिलं नाव असताना सुरुवात कुठून करू?

आणि आणखी एक. माहेरी सगळे प्रेमाने म्हणतात, "सावळी आहे, पण गोड आहे." तो 'पण' लेकीला आता कळायला लागलाय. तुम्ही घरच्यांना कसं सांगितलंत?