पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेल्या बोटी आणि कोकणातले खलाशी, कोणाला माहिती आहे का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठावर. घरात लहानपणापासून ऐकत आलोय की पणजोबा पहिल्या लढाईत बसऱ्याला बोटीवर सुकाणी होते, आणि त्यांच्याबरोबर गेलेला चुलतभाऊ परत आलाच नाही. यापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही. शाळेत महायुद्ध म्हणजे फ्रान्समधले खंदक एवढंच शिकलो, त्यात बसरा कुठून आला, तिथे आपल्याकडच्या खलाशांचं काय काम होतं? गावात असंही बोलतात की सरकारला बोटी कमी पडल्या म्हणून दिसेल ती बोट आणि मिळेल तो माणूस उचलला, ते कितपत खरं आहे? पलटणीतल्या शिपायाची नोंद असते तशी खलाशाची असते का? कोणी यावर वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, आत्या आता नव्वदीच्या आहेत, त्यांना वाचून दाखवायचंय.

जुनीकागदं
दादा, चांगला विषय काढलात. बसरा म्हणजे आजच्या इराकचं दक्षिणेकडचं बंदर, तेव्हा ते तुर्कांच्या ताब्यात होतं. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून फौज निघाली, नोव्हेंबरमध्ये बसरा घेतलं. त्यानंतर साहेबाला बगदादचा मोह पडला आणि खरी अडचण तिथे सुरू झाली, कारण त्या मुलखात रेल्वे नाही, धड रस्ता नाही, माणसं, दाणागोटा, दारूगोळा, जखमी सगळं तैग्रिस नदीतूनच न्यायचं. नदी उथळ आणि नागमोडी, उन्हाळा संपता संपता तर पाणी इतकं उतरतं की समुद्रावरची बोट वर जाऊच शकत नाही. म्हणजे सगळी मोहीम नदीत चालणाऱ्या सपाट बुडाच्या बोटींवर अवलंबून, आणि त्याच बोटी पुरेशा नव्हत्या.

मग सुरू झाली जमवाजमव. नदीवर आधीपासून धंदा करणाऱ्या लिंच कंपनीच्या आगबोटी घेतल्या, अरबांच्या महैला म्हणजे मोठ्या शिडाच्या बोटी नावाड्यांसकट भाड्याने घेतल्या, इरावती आणि गंगेवरच्या आगबोटी मागवल्या. या नदीतल्या बोटी, समुद्रासाठी बांधलेल्याच नाहीत, त्यांना अरबी समुद्र ओलांडून न्यायचं, काही वाटेतच बुडाल्या. बसऱ्याला तेव्हा धक्कासुद्धा नव्हता, जहाजं मध्ये नांगरून माल होड्यांत उतरवायचा आणि मग काठाला आणायचा.

सगळ्यात भारी प्रकरण मे १९१५ चं. बसऱ्याच्या वर नदीकाठी कुर्णा गाव आहे, त्याच्या आसपास पुराने सगळं पाण्याखाली, तुर्क मधल्या उंचवट्यांवर बसलेले. तर स्थानिक बेलम जमवल्या, बेलम म्हणजे लांबट अरुंद होडी, बांबूने रेटत न्यायची, काहींना पुढून लोखंडी पत्रे लावले, आणि शिपायांना होडी रेटायला शिकवून शेकडो बेलमांतून हल्ला केला. त्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्रीपण होती. ३ जूनला नदीवरचं अमारा शहर पडलं. ब्रिटिशांनी या लढाईला होड्यांच्या शर्यतीचं नाव दिलं, पण उसन्या होड्यांवर लढाई जिंकता येते असं वरच्यांना वाटलं हेच पुढे नडलं असं माझं ठाम मत आहे.

कारण पुढे आलं कूत, तैग्रिसवरचंच आणखी वरचं गाव. जनरल टाउनशेंडची डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कूतमध्ये वेढली गेली, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. सोडवायला माणसं होती, पण त्यातली हजारो बसऱ्याला अडकून पडली कारण वर न्यायला बोटी नाहीत. शेवटी एप्रिल १९१६ मध्ये जुलनार नावाच्या आगबोटीत २७० टन धान्य वगैरे भरून रात्री घुसवायचा प्रयत्न केला, तीपण तुर्कांनी पकडली, आणि २९ एप्रिलला जवळपास १३ हजार लोक शरण गेले. आधी बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईतल्या जखमींना जनावरं वाहिलेल्या, न धुतलेल्या बार्जवर उघड्यावर टाकून खाली आणलं होतं. १९१७ ला चौकशीचा अहवाल आला, त्यात बोटींच्या तुटवड्यावर बरंच आहे, भारतमंत्री चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला.

तांबडी_माती
वरचं सगळं बरोबर, पण त्यात खलाशी कुठेच दिसत नाही, बोटी आपोआप चालल्यासारखं वाटतं. रॉयल इंडियन मरीन म्हणजे आजच्या नेव्हीचीच आधीची पिढी, तिच्यात रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान फार होते. व्यापारी जहाजांवर डेकला कोकणातले, भांडारात आणि सलूनला म्हणजे जेवणाखाण्याच्या कामाला गोव्याचे, इंजिनात पंजाब, सिल्हेटकडचे, अशी विभागणीच ठरलेली.

जबरदस्तीबद्दल मला असं वाटतं की आपल्याकडे हाताला धरून नेलं असं झालं नसावं, तशी गरजच नव्हती. सगळी भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या हातात. सारंग आपल्या गावची, आपल्या ओळखीची माणसं आणायचा, त्याखाली तांडेल, सुकाणी, खलाशी. कामावर चढायचं तर आधी त्याला आणि दलालाला पैसे चारायचे, त्यासाठी कर्ज, मग ते फेडायला पुढची सफर. रत्नागिरीत भात पुरायचं चार-सहा महिने, बाकी मनिऑर्डरवर घर चालायचं. अशा माणसाने लढाई आहे म्हणून मी येत नाही म्हणायचं कसं? गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या किती तरी कमी पगार, आणि टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९३९ लाच इंग्लंडच्या बंदरांत आपल्या खलाशांनी पगार वाढवा म्हणून संप केले, कित्येकांना तुरुंगात टाकलं, तेव्हा कुठे पगार वाढले. हे आपल्या पोरांना शिकवलं पाहिजे.

हुगळीकर
बोटी उचलण्याबद्दल थोडं अवांतर. तसं झालं ते १९४२ ला बंगालमध्ये, आणि वापरायला नाही तर जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून. दहा माणसं बसतील एवढ्या किंवा त्याहून मोठ्या बोटींची नोंद केली, ती ६६ हजारांच्या वर, आणि त्यातल्या सुमारे ४६ हजार हलवल्या किंवा मोडल्या. मासेमारी, धान्याची ने-आण सगळं बोटीवर चालणाऱ्या भागात हे केलं आणि पुढच्या वर्षी दुष्काळ. दुष्काळाची कारणं आणखीही होती, पण कोळ्याची बोट काढून घेतल्यावर त्याने खायचं काय हा विचार कोणीच केला नाही याचा मला फार राग येतो.

खाडीकाठ
खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्याला काल फोनवर थोडं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या पणजोबांच्या तोंडी अमारा हे नाव असायचं. आता त्या चुलतभावाचं नाव कुठे सापडेल का?

जुनीकागदं
अमारा म्हणजे नदीवरच्या बोटीवरच असणार. सप्टेंबर १९१६ पासून ते काम मरीनकडून काढून इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट म्हणून लष्कराच्या इंजिनियर्सकडे दिलं, त्यामुळे दोन्हीकडे शोधा. समुद्रात वारलेल्यांचं स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदरच्या नाविक गृहात, पहिल्या युद्धातली २ हजारांवर नावं. दुसऱ्या युद्धातल्या जवळपास साडेसहा हजार खलाशांच्या नावांची वहीपण तिथे, तशीच दुसरी चितगावला. तिकडे जमिनीवर वारला असेल तर बसरा मेमोरियल किंवा अमाराची दफनभूमी. बसरा मेमोरियलवर ४० हजारांवर लोकांची नोंद आहे पण भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत, फक्त आकडे, नावं रजिस्टरमध्ये. हा भेदभाव झाला हे युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेच २०२१ च्या अहवालात मान्य केलंय. त्यांच्या साइटवर नाव टाकून बघा, स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाका, साहेबाने कानाला आलं तसं लिहिलंय. काही नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं.

तांबडी_माती
आणि घरात जुनं मेडल आहे का विचारा. चांदीचं किंवा ब्राँझचं, मजूर आणि फॉलोअर म्हणजे फौजेबरोबरच्या नोकर लोकांना ब्राँझचं द्यायचे. त्याच्या कडेवर नाव, हुद्दा, युनिट ठोकलेलं असतं. सापडलं तर चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात, कडेचा जवळून फोटो काढून इथे टाका, आम्ही वाचून सांगतो.