बांबी बकेट आधी की वॉचरचे बूट आधी?

अंजुणेकाठी

2023चा मार्च आठवतो ना? गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या आणि नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरं बांबी बकेट, म्हणजे पाण्याची भली मोठी बादली, लटकवून डोंगरावर घिरट्या घालायला लागली. सत्तरी तालुक्यात ज्याच्या हातात मोबाईल होता त्याने व्हिडिओ काढला. मीही काढला. त्याच वेळी खाली रानात जे चाललं होतं त्याचा व्हिडिओ मात्र कुणाकडे नाही. हिरवे डहाळे तोडून आग झोडपणारे वॉचर, वनरक्षक आणि गावचे पोरगे. त्यात माझा मेव्हणा होता, रोजंदारीवर. रात्री दोनला घरी आला तेव्हा बुटाचा रबरी तळ वितळून पुढून सुटला होता. त्याने तो सुतळीने आवळून बांधला होता, आणि त्याच बुटाने आणखी एक चढ चढून आला होता. गाठ सुटेना म्हणून बहिणीने विळीवर सुतळी कापली.

तेव्हापासून डोक्यात एकच हिशोब चालू आहे. आपण अभिमानाने सांगतो की 1988च्या राष्ट्रीय वननीतीने एक तृतीयांश जमीन वनाखाली मागितली आणि गोवा साठ टक्क्यांवर आहे. 2021च्या वन सर्वेक्षणात 3702 चौरस किलोमीटरपैकी 2244 वनाच्छादन दाखवलं होतं. पण त्या मोजणीत एक हेक्टरच्या वरची जागा आणि दहा टक्क्यांच्या वर झाडांची सावली एवढंच बघतात. झाड कसलं, जमीन कुणाची, याला महत्त्व नाही. म्हणजे काजूचा मळाही त्यात आला. सरकारी दप्तरी नोंदलेलं वनक्षेत्र 1225च्या आसपास. आणि हे सगळं राखायचं कुणी? तर ज्याला रजा मागितली की दुसऱ्या दिवशी काम नाही, त्याने.

आग लागली की उपग्रहावरून मोबाईलवर मेसेज येतो. चांगलंच आहे. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो, आणि मेसेज आला तरी डोंगर कुणाला तरी चढावाच लागतो. माझं म्हणणं सरळ आहे. रानातल्या चौकीत पाणी, संडास, रोजंदारीवरच्या माणसाला विमा, बूट आणि आठवड्याची सुट्टी, एवढं होईपर्यंत नवीन टेहळणी मनोरे आणि नवीन रोपवन मंजूर करू नये. शाश्वत वनव्यवस्थापन म्हणतात ते तिथून सुरू होतं.

काजूमळा

मेव्हण्याच्या पायाबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्या लेखात रान आहे, वॉचर आहे, हेलिकॉप्टर आहे, आणि आम्ही नाही. आम्ही आहोत ते फक्त "गावचे पोरगे" म्हणून.

आमच्या पणज्याने लावलेले काजू आज कागदावर वनजमिनीत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा 2006चा. दाव्याची फाईल मी स्वतः तीन वेळा नव्याने भरली, दर वेळी एखादा कागद कमी. आणि दर फेब्रुवारीत मळा साफ करायला गेलो की खाकीतला कुणीतरी येऊन उभा राहतो. एकदा माझा कोयता नेला. परत द्यायला आठ दिवस लावले, तोवर काजू खाली पडून निरो, म्हणजे बोंडाचा ताजा रस, काढायच्याही लायकीचे राहिले नव्हते.

आता गंमत बघा. 1927च्या भारतीय वन कायद्याचं कलम 79 सांगतं की रानात ज्याला कसला हक्क आहे, त्याने आग विझवायला मदत केलीच पाहिजे. बरोबर. पण हक्कच देत नाही म्हटल्यावर बांधील कोण? माझ्या घरात हक्काचा कागद द्या, मी फुकट आग विझवीन, बूटही माझेच घालीन. तुम्ही वॉचर दुप्पट केलेत तर माझ्या दारात उभे राहणारे दुप्पट होतील, एवढंच.

पणजीकरीण

कडू बोलते, माफ करा. रोजंदारीवर असतो तोवर माणूस डोंगर चढतो. कायम झाला की ऑफिसातल्या पंख्याखाली बसतो. हे फक्त वनखात्याचं नाही, सगळीकडचं आहे. पगार, पेन्शन, क्वार्टर हे सगळं आमच्या करातून. त्यापेक्षा ड्रोन घ्या, कॅमेरे लावा, आगीच्या चार महिन्यांपुरतं कंत्राट द्या. "कल्याण" हा शब्द आला की मला बिलाचा आकडा दिसतो.

घरकान्न

@पणजीकरीण ताई, माझे मिस्टर वनरक्षक आहेत. कायम आहेत. पंखा आहे, पण क्वार्टरमध्ये, आणि त्याच्याखाली मी बसते.

तुम्ही ज्या चार महिन्यांचं कंत्राट म्हणता ना, ते चारही महिने माकडतापाच्या मोसमातले. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात हा ताप पहिल्यांदा ओळखला, आमच्या सत्तरीत 2015पासून माणसं दगावली. डिसेंबर ते मे. काजूही तेव्हाच, आगही तेव्हाच. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाचोळ्यात नवं अंग शोधतात. मेलेल्या माकडाची खबर आली की जायचं ह्यांनीच. भोवती पन्नास मीटरपर्यंत भुकटी मारेपर्यंत तिथे थांबायचं ह्यांनीच. अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल चोळून जातात. आले की मी त्यांना घरात घेत नाही. मागच्या दारी कपडे काढायला लावते, गरम पाण्यात टाकते, मग बॅटरीच्या उजेडात काखा, कानामागे, गुडघ्याच्या लवणीत बघते. काळी तीळभर असते ती. पूर्वी लस द्यायचे, ती फारशी लागू पडेना म्हणून बंद झाली. ड्रोनला गोचीड चावत नाही हे मान्य.

2021च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात वन कर्मचाऱ्यांना शस्त्रं आणि बुलेटप्रूफ जाकिटं द्यायची चर्चा झाली होती. ती बातमी वाचून आम्ही दोघं हसलो. गोचीडप्रूफ काही असेल तर सांगा.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तीही कायमच होती.

पणजीकरीण

माकडतापाचं मला ठाऊक नव्हतं. कंत्राटाचा मुद्दा मागे घेते. बाकीचा नाही.

जुना राउंडवाला

चाळीस वर्षं हीच नोकरी केली. कुठल्या राज्यात ते सोडा.

बुटांचं म्हणाल तर बूट यायचे. सगळे नऊ नंबरचे. सात नंबरवाला आत वर्तमानपत्र कोंबायचा, दहावाला मागची कड कापून चपलेसारखे घालायचा. त्यामुळे अंजुणेकाठी भाऊ, मागणी लिहाल तेव्हा "बूट" एवढंच लिहू नका, "मापाचे बूट" लिहा. हसू नका, फाईलीत जो शब्द नसतो तो मिळत नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. बीट, म्हणजे एका वनरक्षकाने राखायचा रानाचा तुकडा, रिकामी असते, कारण माणूस बीटवर नसतोच. जुलैत त्याला धबधब्यावर उभा करतात. 2023ला नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, मग प्रवेशबंदी आली. ती राबवायची कुणी, तर वनरक्षकाने. दारू पिऊन आलेल्या तीस जणांना एकटा माणूस काठीने अडवतो. 2025च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून ओंकार हत्ती पेडण्यात उतरला, भातशेतीत घुसला. लगेच माणसं तिकडे, रात्रभर. कुणाच्या न्हाणीघरात नाग आला, फोन ह्यांना. मंत्री येणार, फाटकावर हे. मग फेब्रुवारीत जाळरेषा कोण काढणार? जाळरेषा म्हणजे आगीच्या मोसमाआधी पाचोळा ओढून, गवत कापून मोकळा केलेला पट्टा. आग तिथे येऊन उपाशी मरते. ती वेळेत काढली तर हेलिकॉप्टरची वेळ बहुतेकदा येत नाही.

आणि रोपवनाचं अंजुणेकाठी म्हणतात ते बरोबर, पण कारण वेगळं. रोपवनाला आकडा असतो. इतकी रोपं, इतके हेक्टर, फोटो. जाळरेषेचा फोटो काय काढणार, मोकळी जमीन! म्हणून एके काळी सगळीकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. खाली गवताची काडी उगवत नाही, गव्याला खायला नाही, गवा बागायतीत. मग परत वनरक्षकच हाकायला.

काजूमळा

@जुना राउंडवाला काका, ही जाळरेषा आमचे आजोबा काढायचे. नाव नव्हतं एवढंच. काजूखालचा पाला ओढायचा आणि वारा पडलेल्या संध्याकाळी जाळायचा, चार माणसं भोवती उभी ठेवून. आता पाला जाळला की गुन्हा. मग लोक भीतीने लपून जाळतात, भर दुपारी, एकटे, आणि पळतात. तुमची अर्धी आग तिथून येते.

अंजुणेकाठी

अर्धी हे कशावरून?

काजूमळा

मोजली नाही. माझ्या डोंगरावरची सांगतो.

वाघेरी

इथे सगळे एका गोष्टीला बगल देताहेत. जानेवारी 2020, गोळावली. एक वाघीण आणि तीन बछडे, विष घालून मारलेले. म्हादई अभयारण्याच्या आत. 208 चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात चार वाघ मेले आणि ते कळलं उशिरा. बीटवर माणूस असता तर?

24 जुलै 2023ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा म्हणून सांगितलं, राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. व्याघ्र प्रकल्प झाला तर केंद्राचा निधी येतो, शिकारविरोधी छावण्या येतात, कर्मचारी वाढतात. मेव्हण्याचे बूट त्यातूनच येतील. काजूमळेबाब, तुम्हाला आवडणार नाही, पण वाघ हाच वॉचरचा सर्वात मोठा युनियनवाला आहे.

काजूमळा

गोळावलीत आधी गुरं मेली होती, ते एका ओळीत तरी लिहायचं होतं. विष घालणं चूक. पण दूध विकून घर चालवणाऱ्याचं जनावर मेलं तर त्याने भरपाईची वाट किती दिवस बघायची?

आणि धनगर-गवळ्यांचं वेगळंच. गावडा, कुणबी, वेळीप 2003ला अनुसूचित जमातीत आले. धनगर अजून बाहेर. वनहक्क मागायचा तर त्यांनी तीन पिढ्या, पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करायचा. पंचाहत्तर वर्षं मागे पोर्तुगीज राज्य. कागद आणायचा कुठून, लिस्बनहून?

वाघेरी

त्याच निकालात वनवासींचे हक्क बारा महिन्यांत निकाली काढा असंही आहे. तो भाग कुणी वाचत नाही, कारण तो दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे. माझ्याही बाजूला, कबूल.

अंजुणेकाठी

काजूमळेबाब, तुमच्या मुद्द्यावर मी अडलो. कोयत्याची गोष्ट वाचून मेव्हण्याला दाखवली. तो म्हणाला, "कोयता जप्त करायचा हुकूम वरून असतो, परत द्यायचा हुकूम कुणी देत नाही." त्याच्या जागी तो बरोबर, तुमच्या जागी तुम्ही. पण एक विचारतो. वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला रान राखायचा अधिकार देतं. समजा जाळरेषा ग्रामसभेने काढली, वनखात्याने तिला मजुरी दिली, वॉचर गावचाच ठेवला आणि त्याचा विमा काढला. तर तुमच्या दारात उभा राहील तो तुमचाच पुतण्या असेल. चालेल?

बूट आधी हे मी सोडत नाही. पण बूट घालून तो जातो कुणाच्या रानात, हे मी विचारात घेतलं नव्हतं.

घरकान्न

पुतण्या ठेवा, पण रात्री दोनला आल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी कोण बघणार ते आधी ठरवा.

जुना राउंडवाला

गावचा वॉचर ठेवलेला मी पाहिलाय. चांगला चालतो. निवडणूक येईपर्यंत.

काजूमळा

मजुरी जाळरेषेच्या आधी की नंतर? नंतर असेल तर आत्ताच नको म्हणतो. आधी असेल तर रविवारी ग्रामसभा आहे, ठराव मांडतो. विम्याचं त्यात घालीन. बुटांचं तुम्ही मांडा, मी बसून ऐकेन.