समासातल्या नोंदी वाचवून जुनं पुस्तक दुरुस्त करायचं आहे

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आईची जुनी प्रत माझ्याकडे आहे. नवी सहज मिळते, पण मला हीच टिकवायची आहे. चौथीत शाळा सुटलेल्या आईला लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई फार जवळच्या वाटत, आणि समासात तिच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत.

कागद इतका ठिसूळ झालाय की पान दुमडलं की तुकडाच पडतो. शिलाई सुटलीय. पूर्वी पंधराएक पानांना लावलेली सेलोटेप तपकिरी पडून चिकट झालीय, तीही काही ठिकाणी नोंदींवरच. कसरीची भोकं जुनी आहेत, आता कीड दिसत नाही.

मऊ ब्रशने धूळ झाडली, सगळ्या पानांचे फोटो काढले. टेप ओढून पाहिलेली नाही. इथल्या बाइंडरने कडा कापून लॅमिनेशन सुचवलं. नोंदीच जातील, म्हणून नको म्हटलं.

रत्नागिरीत राहते, पावसाळ्यात घरात दमट असतं. खर्च पाच हजारांपर्यंत जमेल.

जपानी टिश्यू (दुरुस्तीसाठीचा पातळ पण चिवट कागद) आणि खळ वापरून पानं सांधणारं, एकच घरगुती पुस्तकही घेणारं पुण्या-मुंबईत कुणी माहीत आहे का? आणि तोवर टेप तशीच राहू देऊ, की पेन्सिल न पुसता ती घरी काढता येते?