ओमची तलवार

रेखा (बी-३०२): नमस्कार सगळ्यांना. काल अहमदाबादहून परतायला रात्रीचे पावणेबारा वाजले, म्हणून आज लिहितेय. पुढे कोणी पोरांना असल्या फॅन मेळाव्याला नेणार असेल तर हे आधी वाचा.
सकाळी ७ ला निघालो. वडोदऱ्याजवळच्या दुमाडवरून एक्सप्रेसवेचे ९३ किलोमीटर कसे गेले कळलं नाही. अहमदाबादच्या सीटीएम चौकापासून मेळाव्याच्या मैदानापर्यंत मात्र तासभर. पावणेदहाला रांगेत उभे राहिलो, आत पाय ठेवला १ वाजून २० मिनिटांनी. वर साधा मांडव नाही. आमच्या ओमच्या अंगावर फोमचं चिलखत. कॉस्प्ले म्हणजे वेशभूषेच्या स्पर्धेची नोंदणी दुपारी १ ला बंद झालेली. आणि गेटवर त्याची तलवार काढून घेतली.

सुधीर (ए-३०४): अरेरे. सकाळी चिलखत घालून उतरला तेव्हा वॉचमनने त्याला सलाम ठोकला होता 😄

नंदूकाका (ए-१०१): क्लबहाउसच्या फरशीवर पोरांच्या फोम चिकटवायच्या सोल्यूशनचे डाग अजून तसेच आहेत. कधी निघणार?

मंगला (बी-१०३): रेखा, फार वाईट वाटलं गं. आमचं तिघांचं रद्द झालं ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. ६०० प्रमाणे १८०० परत केव्हा मिळतील तेवढं सांग.

रेखा (बी-३०२): मंगलाताई, गाडीचं भाडं ९००० ठरलेलं. १५ जण म्हणून ६००. तुम्ही आदल्या रात्री १० ला कळवलंत. उरलेल्या १२ जणांवर ७५० पडले असते. मी कोणाकडून वर एक रुपया मागितलेला नाही.

मंगला (बी-१०३): सासूबाईंना ताप होता. हौस म्हणून नाही रद्द केलं.

सेक्रेटरी (सी-१०२): कृपया हिशोब ग्रुपवर नको. रविवारी ऑफिसात बसू. रेखाताई, मुलं सुखरूप आली हे महत्त्वाचं 🙏

विलास (सी-२०१): मी तेव्हाच म्हणालो होतो ट्रेनने जा. मणिनगरला उतरा, रिक्षा करा, विषय संपला.

सुधीर (ए-३०४): जनरल डब्यात चिलखत घालून? एका माणसाला तीन सीट लागल्या असत्या.

विलास (सी-२०१): चिलखत पिशवीत घालून नेता येतं.

रेखा (बी-३०२): येत नाही विलासभाऊ. खांद्याचे भाग ड्रायरने गरम करून वळवलेले आहेत, दाबले की आकार जातो. तीन आठवडे पोरं खपलीत त्यावर. जुन्या योगा मॅट, फोमच्या शीट, वर तीन हात रंग. मला त्या स्पर्धेच्या बक्षिसाचं काही नाही. पण कोणीतरी थांबून बघायला हवं होतं. गेटवरच्या माणसाने तलवार वाकवून पाहिली, "अंदर पाइप है" म्हणाला आणि ढिगात टाकली. पावती नाही, नंबर नाही. संध्याकाळी घ्यायला गेलो तर तिथे ढीगच नव्हता.

कुसुमआजी (बी-२०४): हे नक्की काय असतं? नाटकाची स्पर्धा का?

निखिल (सी-४०४): आजी, कॉमिक्स, कार्टून, गेम यांच्या चाहत्यांची जत्रा. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० पासून भरते. टोकियोत १९७५ पासून, तिथे चाहते स्वतः काढलेली पुस्तकं विकतात. आपल्याकडे दिल्ली हाटला २०११ मध्ये भरली, मग बाकी शहरांत. लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात.

कुसुमआजी (बी-२०४): म्हणजे बहुरूपी! आमच्या वाड्यात यायचा. हवालदार होऊन आला की आम्ही पोरं माजघरात पळायचो. आई त्याला सुपातून धान्य घालायची. सोंग चांगलं वठलं तर दोन मुठी जास्त.

सुधीर (ए-३०४): आजी 👏👏

निखिल (सी-४०४): रेखाकाकू, राग मानू नका, पण गेटवरची तपासणी जगभर असते. धातू, कडक लाकूड, आत पाइप असलेलं काही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. गर्दीत कोणाच्या डोळ्याला लागू शकतं. तिकिटाबरोबर नियम आले होते, ते वाचायला हवे होते.

रेखा (बी-३०२): निखिल, वाचले होते. "फोमच्या वस्तू चालतील" एवढं होतं. आणि तलवार लवते, आत अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप घाल, हे क्लबहाउसमध्ये बसून ओमला कोणी सांगितलं होतं? तूच ना?

नंदूकाका (ए-१०१): फरशीवरच्या डागांचं काय? परवा योगाचा वर्ग आहे.

विलास (सी-२०१): दारावरची ती ग्रे गाडी कोणाची आहे? माझी स्कूटर निघत नाही.

निखिल (सी-४०४): हो काकू. मीच सांगितलं होतं. कॉलेजात आम्ही तसंच करतो, ती फक्त फोटोपुरती असते. गेटचं डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे.

सेक्रेटरी (सी-१०२): ग्रे गाडी डॉक्टरसाहेबांच्या पाहुण्यांची आहे, काढायला सांगितलं आहे. झालं गेलं विसरू या. मुलांनी मजा केली असेल ना?

रेखा (बी-३०२): साहेब, विसरू नका म्हणून तर लिहितेय. तिकिटाचा क्यूआर उघडायला गेटवर नेटवर्क नव्हतं. ज्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता ते पुढे सरकले. पाण्याच्या बाटल्या बाहेर टाकायला लावल्या. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नव्हते, म्हणून छोटी दोघं आतच भुकेली. मजा म्हणाल तर एक झालं. चित्रकारांची टेबलं होती, तिथल्या एका मुलीने ओमला हाक मारून थांबवलं. खांद्याची शिवण कशी लपवलीस म्हणून विचारलं आणि पाच मिनिटांत त्याचं चित्र काढून दिलं. हातात तलवार नव्हती, तिने चित्रात काढली. पैसे घेतले नाहीत. दिवसभरात तो तेवढाच बोलला.

मंगला (बी-१०३): चित्राचा फोटो टाक ना.

रेखा (बी-३०२): त्याला विचारून टाकते.

विलास (सी-२०१): तरी सांगतो, ट्रेनने गेला असता तर ९ ला पहिल्या रांगेत असता.

सुधीर (ए-३०४): विलासभाऊ, तुम्ही स्कूटर काढा आधी.

विलास (सी-२०१): तुम्हाला प्रत्येक गोष्टीत विनोदच सुचतो. मेंटेनन्सच्या मीटिंगलाही हेच केलंत.

सेक्रेटरी (सी-१०२): कृपया 🙏🙏

नंदूकाका (ए-१०१): क्लबहाउसची फरशी. चौथ्यांदा लिहितोय.

रेखा (बी-३०२): नंदूकाका, वाचलं आहे हो. डाग आमच्या पोरांचे, आम्हीच काढू. उद्या ५ वाजता थिनर घेऊन येते, दोन पोरं बरोबर आणते. मंगलाताई, तुमचंही रविवारी बोलू, माझ्या मनात काही नाही. आयोजकांना मेल केला आहे, उत्तर आलेलं नाही.

निखिल (सी-४०४): मी पण येतो ५ ला. ओम तयार असेल तर नवी तलवार करू. पाइपऐवजी मध्ये जाड फोमची पट्टी घालू.

कुसुमआजी (बी-२०४): गणपतीत घाल म्हणावं ते सोंग. आरतीच्या आधी मांडवात सगळे बघतील.

रेखा (बी-३०२): आजी, त्याने घरी आल्याबरोबर सगळं माळ्यावर टाकलं. मी काढ म्हणणार नाही. त्याला वाटेल तेव्हा काढेल.

नंदूकाका (ए-१०१): थिनर माझ्याकडे आहे. विकत आणू नका. आणि ओमला उद्या फरशी घासायला आणू नका, त्याला झोपू द्या.