मदत हवी आहे : रत्नाकर मतकरी स्मरण-कार्यक्रमासाठी

सप्रेम नमस्कार.

मुंबईत जन्मलेल्या आणि याच शहरात लेखनाची उभी हयात घालवलेल्या रत्नाकर मतकरी यांच्यावर आमच्या सोसायटीच्या वाचनालयातर्फे एक संध्याकाळ करायचे ठरले आहे. बहुतेकांना ते गूढकथाकार म्हणूनच आठवतात, आणि १९६२ पासून बालनाट्य संस्थेमार्फत त्यांनी मुलांसाठी केलेले अखंड काम मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण रंगमंचावर आली तेव्हा मी आईच्या पदराची गाठ मुठीत गच्च धरून बसलो होतो, ती भीती आणि तो आनंद आजही जशाच्या तसा आठवतो.

मतकरींच्या ‘आरण्यक’ आणि ‘लोककथा ७८’ या नाटकांतील प्रत्येकी एका प्रवेशाचे अभिवाचन करण्याचा विचार आहे. लेखकाच्या वारसांची परवानगी आम्ही रीतसर घेऊच. परंतु वेशभूषा, नेपथ्य नसलेल्या आणि तिकीट न लावलेल्या अशा वाचनासाठीही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (नाट्यसंहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे) प्रमाणपत्र लागते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

दुसरी अडचण दूरचित्रवाणीची आहे. ‘गहिरे पाणी’ किंवा ‘अश्वमेध’ या मालिकांतील काही मिनिटांचे दृश्य दाखवायचे झाल्यास परवानगी कोणाकडे मागावी? शिवाय बालनाट्याच्या जुन्या प्रयोगांची तिकिटे, जाहिरातींची कात्रणे कोणाकडे जपलेली असल्यास त्यांची छायाचित्रे पाठवावीत. मूळ कागद मागणार नाही.